स्वभावाला औषध आहे!

'स्वभावाला औषध नाही' ही म्हण आपल्या होस्टेलवर दिवसातून दहा वेळा तरी ऐकू येते. कुणी मेसमध्ये रांग मोडली, म्हण तयार. कुणाचा मॅथ्स तिसऱ्यांदा बॅक राहिला, म्हण तयार. व्हायव्हात एखाद्याच्या तोंडून शब्द फुटला नाही की "जाऊ दे रे, तो तसाच आहे!" बोलायला सोपी, ऐकायला शहाणपणाची. पण माझं स्पष्ट मत आहे की ही म्हण चूक आहे. आणि हे मी माझ्या पदरचं सांगत नाही. सुमारे अठराशे वर्षांपूर्वी एका बौद्ध भिक्खूने नेमक्या ह्याच शब्दाची, म्हणजे 'स्वभाव' ह्या शब्दाची, पार चिरफाड करून ठेवली आहे.

त्याचं नाव नागार्जुन. तिबेटी परंपरा त्याचा जन्म विदर्भात झाल्याचं सांगते, आणि रामटेकजवळ त्याच्या नावाची टेकडीही आहे. 'मूलमध्यमककारिका' हा त्याचा मुख्य ग्रंथ. त्याच्या भाषेत स्वभाव म्हणजे रागीटपणा किंवा आळशीपणा नव्हे. जे एखाद्या वस्तूचं अगदी स्वतःचं, कशावरही अवलंबून नसलेलं, कधीही न बदलणारं, तो स्वभाव. आणि तो म्हणतो, असा स्वभाव जगात कुठल्याच वस्तूला नाही. ह्यालाच त्याने शून्यता म्हटलं.

आता 'शून्य' म्हटलं की आपल्याला रिझल्टच आठवतो! म्हणून पुष्कळांना वाटतं, बौद्ध लोक म्हणतात जगात काहीच नाही. तसं मुळीच नाही. 'सगळं आहेच' हे एक टोक आणि 'काहीच नाही' हे दुसरं टोक, ही दोन्ही टाळा असा उपदेश बुद्धाने कात्यायनाला केला होता, आणि नागार्जुन त्याचा नाव घेऊन दाखला देतो. वस्तू आहेत, पण कारणं जुळली म्हणून आहेत. कारणं बदलली की वस्तू बदलते. ह्याचं नाव प्रतीत्यसमुत्पाद. शब्द अवघड आहे, पण अर्थ आपल्या वर्कशॉपमध्ये पडलेला आहे.

आपला भंडारा जिल्हा पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध. पितळ म्हणजे काय? तांबं आणि जस्त. दोन्ही बाजूला काढा आणि मग उरलेलं 'पितळपण' दाखवा! नाही सापडत. बरं, पितळ कडक की मऊ? ठोकत राहिलात तर कडक, तापवून अनिलिंग केलंत तर मऊ. मग त्याचा खरा स्वभाव कोणता?

मटेरियल सायन्समधलं एक उदाहरण मला फार आवडतं. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानातल्या सैन्याची पितळी काडतुसं पावसाळ्यात ठेवल्या ठेवल्या तडकायची. माल खराब, दुसरं काय, असं कुणालाही वाटेल. पण 1921 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने कारण दाखवलं. काडतूस बनवताना धातूत राहिलेला ताण, पावसाळी ओल आणि साठवणीच्या जागी, म्हणजे तबेल्यात, हवेत असलेला अमोनिया. तिन्ही एकत्र आले की तडा. बेताने तापवून आतला ताण काढून टाकला की तेच पितळ टिकतं. म्हणजे औषध होतं! फक्त 'पितळच तसलं' म्हणून हात झटकायचे नव्हते, कारण शोधायचं होतं.

इथे आमचा एक रूम पार्टनर म्हणाला, "मग बरं झालं! गेल्या महिन्यात तुझे पाचशे रुपये घेणारा मी वेगळा होतो, आता कशाला मागतोस?" हा प्रश्नही जुनाच आहे. 'मिलिंदपञ्ह' ह्या पाली ग्रंथात ग्रीक राजा मिलिंद आणि भिक्खू नागसेन यांचा संवाद आहे. त्यात आंबे चोरणारा असंच म्हणतो, की मालकाने लावलेला आंबा वेगळा, मी तोडलेले वेगळे. नागसेनाचं उत्तर असं की तो सुटत नाही, कारण हे आंबे त्या आंब्यातूनच आले. रात्रभर जळणारा दिवा बघा. पहाटेची ज्योत संध्याकाळची नव्हे, पण वेगळीही नव्हे. तेव्हा कायमचा 'मी' नसला तरी जबाबदारी चुकत नाही. पाचशे रुपये द्यावेच लागतात.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. हे तत्त्वज्ञान आपल्या जिल्ह्याला परकं नाही. वैनगंगेकाठच्या पवनीला जगन्नाथ टेकडीवर 1969-70 मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने उत्खनन केलं, तेव्हा दोन हजार वर्षांपेक्षा जुना स्तूप निघाला. दगडांवर दान देणाऱ्यांची नावं ब्राह्मी लिपीत कोरलेली आहेत. पुढे सगळं मातीखाली गेलं, स्तूपाची टेकडी झाली. बुद्ध इथून कायमचा गेला असंच कुणी म्हटलं असतं. पण तेही कायमचं नव्हतं. 1954 साली बाबासाहेब आंबेडकर भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि हरले. त्यानंतर अडीच वर्षांत, 14 ऑक्टोबर 1956 ला, इथून साठ-पासष्ट किलोमीटरवर नागपूरला त्यांनी लाखो लोकांसह धम्मदीक्षा घेतली.

त्यांचा बुद्धावरचा ग्रंथ 1957 साली, त्यांच्या मागे, प्रसिद्ध झाला. त्यात ते अनित्यतेचा अर्थ रडका लावत नाहीत. सगळं नित्य असतं तर वाढ, बदल, प्रगती काहीच झालं नसतं, असं ते सांगतात. मला वाटतं, जन्माने चिकटवलेली ओळख ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सोसली, त्यांच्यासाठी 'कुणालाही पक्का स्वभाव नाही' हे वाक्य पुस्तकी राहतच नाही. ती सुटकेची बातमी असते.

आणि आपण काय करतो? नवीन मुलगा होस्टेलवर आला की पहिला प्रश्न "नाव काय?" आणि दुसरा "पूर्ण नाव काय?" आडनाव कळलं की आपलं समाधान. मग कॅटेगिरी, मग सीईटीचा स्कोअर. पाच मिनिटांत त्या पोराचा 'स्वभाव' आपण ठरवून टाकतो आणि चार वर्षं त्याच कप्प्यात ठेवतो.

ह्यावर काही मित्र फार हुशारीने म्हणतात, "जातच खरी नाही ना? मग सवलती कशाला?" मित्रांनो, इथेच गोची आहे. जात कुणाचा स्वभाव नाही हे खरं, पण ती कारणांनी तयार झालेली आहे आणि तिचे परिणाम खरेखुरे आहेत. पितळाला तडा जाणं हा पितळाचा स्वभाव नव्हता, म्हणून काय तडा खोटा होता? ताण आत तसाच ठेवायचा, हवा तीच ठेवायची आणि काडतुसाला म्हणायचं, तडकू नकोस! कारणं काढा, तडे थांबतील. तोवर उपाय चालू ठेवावेच लागतील.

सर आणि मॅडम लोकांनाही नम्र विनंती. "हा काही पास होत नाही" असं वर्गात म्हणण्याआधी तो कुठल्या भाषेत शिकून आला, रूमवर अभ्यासाला जागा आहे का, घरून पैसे येतात का, एवढं विचारून बघा. आपण इंजिनिअर आहोत. मशीन बंद पडलं तर 'तिचा स्वभावच तसा' असं आपण रिपोर्टमध्ये लिहीत नाही, कारण शोधतो. माणसासाठीही तेवढं करायला काय हरकत आहे?