नाका हलला, प्रश्न तेथेच

अजिंठ्याच्या घाटाखालील फर्दापूरहून वाकोदकडे जाताना आज केवळ जिल्हा बदलतो. १९४८ पर्यंत तेथे राज्य बदलत असे : अलीकडे निजामाची हैदराबाद रियासत, पलीकडे मुंबई इलाख्यातील खानदेश. रियासतीच्या सीमेवर मालाला करोडगिरी, म्हणजे जकात, पडे. मुक्तिसंग्रामात कार्यकर्त्यांनी करोडगिरीचे नाके लक्ष्य केले, ते उगीच नव्हे. पुढे दोन्ही बाजूंचे राज्य आणि करव्यवस्था एक झाली, तेव्हाच नाका अनावश्यक ठरला.

हा साधा कार्यकारणभाव ब्रिटिश पुढाऱ्यांनी टाळला. २३ जून २०१६ च्या सार्वमतात युरोपीय संघ सोडण्याचा कौल मिळाला. संघाची जकातव्यवस्था सोडायची, तर उत्तर आयर्लंड आणि आयर्लंडचे प्रजासत्ताक यांमधील सुमारे ५०० किलोमीटरच्या सीमेवर तपासणी येणार. आणि १९९८ च्या शांतता करारानंतर तेथील लष्करी ठाणी तर हटविण्यात आली होती.

मग तोडग्यांची स्पर्धा लागली. २०१८ मध्ये एक गट म्हणे, ब्रिटनने संघाच्या वतीने जकात वसूल करावी. दुसरा म्हणे, यंत्रे आणि आगाऊ नोंदणी यांवर भागवावे. यंत्राने नाका दृष्टीआड होतो, जकात नव्हे. थेरेसा मे यांनी अन्य मार्ग सापडेपर्यंत संघाशी सामायिक जकातक्षेत्राची हमी दिली. त्यांचा करार पार्लमेंटने २०१९ मध्ये तीनदा फेटाळला. बोरिस जॉन्सन यांनी तपासणी समुद्रावर नेली. एकाच देशाच्या दोन भागांत नाका उभा राहिला! त्याच्या निषेधार्थ डेमोक्रॅटिक युनियनिस्ट पक्षाने २०२२ पासून दोन वर्षे प्रांतिक सरकार बनू दिले नाही. २०२३ च्या विंडसर समझोत्याने तपासणी सौम्य झाली, संपली नाही.

युरोपीय संघ हा भांडवलाचा बाजार आहे, हा आक्षेप खोटा नाही. टोनी बेन यांच्यासारख्या समाजवाद्यांनी १९७५ च्या सार्वमतातच या सामायिक बाजाराला विरोध केला होता, आणि तो लोकसत्तेच्या नावाने. परंतु लोकसत्ता लंडनपुरती नसते. उत्तर आयर्लंडच्या जवळजवळ ५६ टक्के मतदारांनी २०१६ मध्ये संघात राहण्याचा कौल दिला होता. त्यांच्या दारातील सीमेचे निर्णय मात्र दोन राजधान्यांतील दालनांत झाले.

सीमेचा प्रस्ताव कोणाचा, याहून तो कोणाच्या संमतीने, हा प्रश्न समाजवाद्यांनी आधी विचारला पाहिजे. बेळगाव-निपाणीच्या प्रश्नात लोकेच्छेचा निकष मागणाऱ्या महाराष्ट्राला तो परका वाटू नये.