आकड्यांची लढाई शिकवणार कोण?

बेरोजगारी किती, विषमता वाढली की घटली, योजनेचा पैसा कोणापर्यंत पोहोचला, या प्रश्नांची उत्तरे आज संगणकावर कोड लिहून काढली जातात. ज्यांना हे तंत्र येते, त्यांचे म्हणणे धोरण ठरवताना ऐकले जाते. म्हणूनच ते कोण शिकवतो आणि कोण शिकतो, हा आम्हाला सामाजिक न्यायाचा प्रश्न वाटतो.

२०११ चे नोबेल मिळालेले थॉमस सार्जंट आणि जॉन स्टाचुर्स्की या अर्थतज्ज्ञांनी ‘क्वांटइकॉन’ हा उपक्रम उभा केला. पायथन या संगणकीय भाषेतून अर्थशास्त्र शिकवणारे त्यांचे पाठ इंटरनेटवर मोफत आहेत. एक पाठ वस्त्या वेगळ्या का होतात यावर आहे. थॉमस शेलिंग यांच्या प्रारूपानुसार, कोणी कोणाचा द्वेष करत नसला, तरी प्रत्येकाला आपल्यासारखे काही शेजारी हवे असतात. तेवढ्यानेही शहर दुभंगते.

पण आपल्याकडे भाड्याचे घर मागताना आधी आडनाव विचारले जाते. इथे प्रश्न आवडीचा नाही, नकाराचा आहे. त्याच प्रोग्राममध्ये एका गटाला नकार देण्याचा अधिकार दिला तर काय होईल? हा प्रश्न नकार सोसलेला विद्यार्थीच आधी विचारेल. तज्ज्ञ तंत्र देतात. गृहीतके मात्र आपणच तपासली पाहिजेत.

साधने हाताशी आहेत. केंद्रीय सांख्यिकी मंत्रालय श्रमशक्ती सर्वेक्षणाची मूळ आकडेवारी मोफत देते. त्यात धर्म, सामाजिक गट, नोकरीचा लेखी करार यांच्या नोंदी असतात. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे ८४ लाख बौद्ध होते, त्यांपैकी सुमारे ६५ लाख महाराष्ट्रात. त्यांच्यातील किती तरुणांना कराराची, पगाराची नोकरी आहे, याचा अंदाज आपण स्वतः काढू शकतो. मात्र नमुना लहान असेल किंवा भारांक लावले नाहीत, तर टक्केवारी फसवते. चुकीचा आकडा घेऊन मोर्चा काढला, तर विरोधक त्याच आकड्याने आपल्याला गप्प करतील. म्हणून नुसते व्हिडिओ पुरत नाहीत, चूक दाखवणारा शिक्षक समोर लागतो.

बाबासाहेबांचा ‘रुपयाचा प्रश्न’ हा ग्रंथ १९२३ साली आला. ब्रिटिशांच्या चलनव्यवस्थेची चिकित्सा त्यांनी आकडेवारीच्या आधारे केली. तो वारसा केवळ जयंतीच्या भाषणापुरता ठेवायचा का?

१ मार्च २०२७ ही येत्या जनगणनेची संदर्भ तारीख आहे आणि तिच्यात जातींची नोंद होणार आहे. ते आकडे आल्यावर त्यांचा अर्थ कोणी लावायचा, याची तयारी आजच हवी. ज्या विहारांत स्पर्धा परीक्षांचे वर्ग चालतात, तिथेच आठवड्यातून दोन तास हा वर्ग भरू शकतो. समाजातील अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनी आणि आयटीतील बांधवांनी मिळून तो मराठीतून चालवावा, असे आमचे आवाहन आहे. शिका, या आदेशाचा आजचा एक अर्थ हाही आहे.