नाव बहिणीचं, दुकान कुणाचं?

मालेगावच्या साड्या, भिवंडीचं कापड, सोलापूरच्या चादरी आता मोबाइलवर विकल्या जातात. अॅमेझॉन, फ्लिपकार्ट, मिशो अशा तिन्ही ठिकाणी दुकान मांडण्यात गैर काही नाही. एकाच जीएसटी क्रमांकावर ते करता येतं. अडचण वेगळीच आहे. एका खात्याचं रेटिंग पडलं, परत येणारा माल वाढला, खातं बंद झालं की घरात सल्ला निघतो, 'बहिणीच्या नावावर दुसरं उघडू.' मग तिचं पॅन, आधार आणि बँकेचं पासबुक घेतलं जातं. ओटीपी आला की ती वाचून दाखवते. एवढाच तिचा व्यापार.

हे मला पटत नाही.

आधी धंद्यापुरतं बोलू. अॅमेझॉनचा नियम असा की विक्रेत्याने एकच खातं ठेवावं. दुसरं हवं असेल तर धंद्याचं खरं कारण लागतं, उदाहरणार्थ दोन वेगळे ब्रँड, आणि सगळ्या खात्यांची नोंद स्वच्छ असावी लागते. एक बिघडलं तर कंपनी सगळीच बंद करू शकते. म्हणजे बंद पडलेल्या खात्यावरचा उपाय म्हणून उघडलेलं दुसरं खातं पहिल्याच्याच वाटेने जायचं.

पण माझी खरी तक्रार त्या बहिणीच्या वतीने आहे. एकल मालकीच्या धंद्यात दुकान आणि मालक कायद्याने वेगळे नसतात. जीएसटीची नोंदणी तिच्या पॅनवर, तर थकबाकी आणि नोटीसही तिच्याच नावावर. महिनाभर एकही साडी विकली गेली नाही, तरी विवरणपत्र भरावंच लागतं. कंपनी विक्रीवर ०.५ टक्के टीसीएस कापते, आयकराचा टीडीएस लागू असेल तर तो ०.१ टक्का. टक्का छोटा आहे, पण त्यामुळे विक्रीचा आकडा सरकारदरबारी तिच्या पॅनवर नोंदला जातो. नफा भावाच्या खिशात गेला, हे तिथे कुठेच लिहिलेलं नसतं.

बायकोच्या नावाचंही तेच. नवऱ्याने दिलेल्या भांडवलावर तिच्या नावाने धंदा दाखवला, तर आयकर कायदा ते उत्पन्न नवऱ्याच्या उत्पन्नात धरू शकतो. कर वाचवण्याची आशाही तिथे फसते.

याचा अर्थ बायकांच्या नावावर दुकान नसावं असा मुळीच नाही. जरूर असावं. पण मग पासवर्ड तिच्याकडे असावा, बँकेचं एटीएम कार्ड तिच्या पर्समध्ये असावं, माल तिने निवडावा आणि महिन्याचा हिशोब तिला समजावा. भावाने मदत करावी, मजुरी घ्यावी, पण नफा तिचा. आपल्या शरीयतने बाईची कमाई तिचीच मानली आहे. ते आपण निकाहच्या मजलिसीत अभिमानाने सांगतो. त्याच घरात तिचं पॅन कार्ड मात्र कपाटातल्या चादरीसारखं लागेल तेव्हा काढून वापरतो.

दुसरं दुकान उघडण्याआधी पहिलं का बंद पडलं ते बघावं. साठा एका जागी मोजला होता का? तिन्ही ठिकाणी विकलेली शेवटची साडी गोदामात खरोखर किती होती? फोटोतला रंग आणि पाकिटातला रंग एक होता का? ही उत्तरं न शोधता नवं नाव घेतलं, तर दुसऱ्या दुकानातही तोच घोळ होणार. फरक इतकाच की यावेळी नोटीस बहिणीच्या पत्त्यावर येईल.