लहान आहे, विसरेल!

रायपुरातील मराठी घरी चार माणसे जमली, बदल्या-बढत्यांची चर्चा संपली, की मुलांचा विषय निघतो. मग कोणी अनुभवी गृहस्थ म्हणतात, "आम्ही नाही का मार खाल्ला? आमचे काय वाईट झाले?" आणि एखाद्या पोराच्या मनाला फार लागल्याची हकिकत निघालीच, तर कोणीतरी समजूत घालते, "लहान आहे, विसरेल." ही दोन वाक्ये आपल्यांत इतकी रुळली आहेत की त्यांची झडती घेण्याचे कोणास सुचत नाही. ती आज आम्ही घेणार आहोत; कारण आमच्या मते दोन्ही वाक्ये खोटी आहेत, आणि अधिकारपदावरील माणसाच्या तोंडी तर ती घातकही आहेत.

प्रथम 'विसरेल' हे वाक्य घेऊ. 1901 सालची गोष्ट आहे. आपल्यापैकी अनेकांप्रमाणे सुभेदार रामजी आंबेडकर हेही नोकरीनिमित्त घरापासून दूर, सातारा जिल्ह्यातील गोरेगाव येथे होते. सुटीत मुले त्यांस भेटावयास निघाली. मुलांचे पत्र नोकराने वडिलांस दिलेच नाही, म्हणून मसूर स्टेशनावर न्यावयास कोणी आले नाही. मुले महार आहेत हे कळताच स्टेशनमास्तरांचा चेहरा पालटला. दुप्पट भाडे कबूल केल्यावर एक गाडीवान तयार झाला, तोही मुलांनी गाडी स्वतः हाकावी आणि आपण बाजूने पायी चालावे या अटीवर. जवळ शिदोरी होती. पाणी मात्र रात्रभर कोणी दिले नाही. त्या मुलांतील एक नऊ-दहा वर्षांचा भीमराव होता. तो विसरला काय? प्रौढपणी आत्मकथनपर टिपणे लिहावयास घेतली, तेव्हा त्यांनी आरंभ केला तो याच प्रवासापासून. 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्यावर ते ओंजळ भरावयास गेले. आणि ज्या संविधानाच्या मसुदा समितीचे ते अध्यक्ष होते, त्याच्या कलम 15 मध्ये विहिरी, तलाव व स्नानघाट यांचा नावानिशी उल्लेख आहे. त्या रात्रीची तहान हेच याचे एकमेव कारण, असे आम्ही म्हणत नाही. पण मूल विसरते, असे म्हणण्याचे धाडस यापुढे कोणी करू नये.

येथे दुसरे वाक्य पुढे सरसावते. "पाहा, त्या अपमानानेच बाबासाहेब घडले! म्हणजे घाव बसल्याशिवाय मूर्ती होत नाही." या युक्तिवादाइतका निर्दय युक्तिवाद आम्हांस ठाऊक नाही. त्या काळी तसाच अपमान लक्षावधी मुलांनी गिळला. त्यांपैकी किती मिटून गेली, किती व्यसनांत बुडाली, कितींनी आपला संताप बायकापोरांवर काढला, याची नोंद कोणी ठेवली? भीमरावाच्या वाट्याला घावाबरोबर आणखीही काही आले होते. शिक्षणासाठी जिवाचे रान करणारे वडील होते. माया करणारी आत्या मीराबाई होती. बुद्धचरित्र हाती देणारे कृष्णाजी अर्जुन केळुसकर होते. शिष्यवृत्ती देणारे सयाजीराव होते. घाव सर्वांना मिळाला, हात थोड्यांनाच मिळाला. आपण मात्र श्रेय घावास देतो!

अभ्यासकांचे संशोधनही याहून निराळे सांगत नाही. अमेरिकेत फेलिटी व अँडा यांनी 1998 साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, बालपणी चार किंवा अधिक प्रकारचे आघात सोसलेल्या माणसांत दारूचे व्यसन, नैराश्य व आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका चार ते बारा पट आढळला. उलट, हवाईतील कवाई बेटावर 1955 साली जन्मलेल्या मुलांचा एमी वर्नर यांनी अनेक दशके मागोवा घेतला. दारिद्र्य आणि गृहकलह यांत वाढलेल्यांपैकी सुमारे एकतृतीयांश मुले कर्तबगार व प्रेमळ माणसे झाली. आणि त्यांच्या आयुष्यात बहुधा एक तरी भरवशाचे वडीलधारे माणूस होते. आजी, शेजारीण, शिक्षक, कोणीही.

"आमचे काय वाईट झाले?" असे विचारणाऱ्यांनी या प्रश्नाचे उत्तर स्वतः देऊ नये. ते त्यांच्या कचेरीतील कनिष्ठ कारकुनास विचारावे. फाइल अंगावर भिरकावणाऱ्या साहेबाच्या हातात पुष्कळदा त्याच्या बापाची छडी असते. तिला तो शिस्त म्हणतो, इतकेच.

तर मग ज्याने सोसले त्यास सर्व माफ, असे आम्ही म्हणतो काय? मुळीच नाही. महाडला सत्याग्रहींवर हल्ला झाला, तेव्हा बाबासाहेबांनी चवताळलेल्या अनुयायांना प्रतिहल्ल्यापासून परावृत्त केले. जखम सर्वांना जे करावयास सांगते, ते त्यांनी केले नाही, निवड केली. जखम निवड कठीण करते, अशक्य करीत नाही. 2022 साली मध्य प्रदेशातील मनोज खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हाच विवेक दाखविला: देहदंडाचा विचार करताना आरोपीच्या बालपणातील हिंसा व उपेक्षा यांची माहिती घेतलीच पाहिजे. दोष त्याने पुसला जात नाही, शिक्षेचे माप मात्र बदलू शकते.

परंतु दुसऱ्याची जखम पाहून तिला आपल्या कामास जुंपणे, याहून मोठे पातक नाही. आणि त्याच्या उदाहरणासाठी रायपुराहून फार दूर जावयास नको. बस्तरात 2005 पासून सलवा जुडूम चालले. ज्यांच्या घरादारावर हिंसा कोसळली होती अशा आदिवासी तरुणांना महिना 3,000 रुपये मानधनावर विशेष पोलीस अधिकारी करून बंदुका दिल्या गेल्या. 2011 पर्यंत त्यांची संख्या सुमारे 6,500 झाली होती. सोसलेपणामुळेच ते स्वखुशीने पुढे येतात, असे समर्थन झाले. 5 जुलै 2011 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते झिडकारले. दुखावलेल्या मनातील सूडाचा शासनाने हत्यारासारखा वापर करावा, हे संविधानास मान्य नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. माओवाद्यांनी मुलांना आपल्या दलांत ओढले, तेही पाप याच जातीचे. दोघांनीही जखम पाहिली. मलम कोणी लावले नाही.

वाचकहो, आपण अधिकारी आहात. शाळेची तपासणी, वसतिगृहाचा निधी, अनाथ मुलाचा अर्ज, हे कागद आपल्याच मेजावर येतात. संविधानाच्या कलम 17 ने अस्पृश्यता संपविली. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम 17 ने शाळेतील शारीरिक शिक्षा व मानसिक छळ निषिद्ध ठरविला. आकडा एक असणे हा योगायोग खरा, पण दोन्ही कलमे आपल्याच सहीने जिवंत राहतात किंवा मरतात. मसूरच्या स्टेशनमास्तरांपाशीही अधिकार होता. मुलांना गाडी त्यांनी मिळवून दिली, हे मान्य केलेच पाहिजे. पण पाणी मिळाले नाही. नियमाप्रमाणे त्यांचे काही चुकले नसेल. तशा प्रकारे न चुकणारे अधिकारी आपल्यांत उदंड आहेत. उद्या एखादे पोर आपल्या दारी उभे राहील. ते विसरणार नाही, एवढे ध्यानात असू द्यावे.