थंडाई, भांग आणि कोगनोळीचा नाका

महाशिवरात्र जवळ आली की थंडाईच्या मसाल्यासाठी खडेबाजारात चक्कर होतेच. बडीशेप, खसखस, मगजबी, मिरी, बदाम. यात भांग नसते, तेव्हा ती आजीपासून नातवापर्यंत कुणीही प्यावी. पंचाईत होते ती कुणी बनारसहून भांगेची गोळी आणली, किंवा अमेरिकेतल्या चुलतभावाने बॅगेतून ‘हेम्प’च्या पेयाचा कॅन आणला, की.

झाड एकच, पण कायदा त्याचे भाग पाडतो. १९८५च्या एनडीपीएस कायद्यात चरस म्हणजे राळ आणि गांजा म्हणजे फुलोऱ्याचे शेंडे. शेंड्यांशिवायची पाने आणि बी त्या व्याख्येत येत नाहीत. भांग पानांची, म्हणून ती गांजात मोडत नाही. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२२मध्ये एका जामीन अर्जावर हेच म्हटले. मुलांनी तेवढाच मथळा वाचला आणि ‘भांग चालते’ म्हणून व्हॉट्सॲपवर फिरवला! पानांचा कारभार राज्यांकडे असतो. आपल्याकडे १९६५चा कर्नाटक अबकारी कायदा. निपाणीवरून कोगनोळी ओलांडून कागलला पोचलात की १९४९चा दारूबंदी कायदा. भांग दोन्हीकडे मादक पदार्थच. (१९५६पर्यंत आपण मुंबई राज्यात होतो, म्हणजे तो पलीकडचा कायदाही एकेकाळी आपलाच.)

बियांचे मात्र वेगळे. हेम्पचे बी, तेल आणि पीठ खाद्य म्हणून विकायला एफएसएसएआयने २०२१मध्ये परवानगी दिली. बियांपासून केलेल्या पेयात नशा आणणारा टीएचसी हा घटक किलोला ०.२ मिलिग्रॅमपर्यंतच चालतो. आता चुलतभावाचा कॅन घ्या. मिनेसोटा राज्याने २०२२मध्ये एका वेळच्या मात्रेत ५ मिलिग्रॅमला मुभा दिली. ३५५ मिलीच्या कॅनमध्ये तेवढा टीएचसी असेल, तर ते आपल्या मर्यादेच्या सुमारे सत्तर पट झाले. खुद्द अमेरिकेनेही नोव्हेंबर २०२५मध्ये कायदा करून एका डब्याला ०.४ मिलिग्रॅमची मर्यादा घातली आहे. तिच्या अंमलासाठी वर्षभराची मुदत ठेवली.

त्याला हे तिकीट काढतानाच सांगा, विमानतळावर नको. कारण आपल्याकडे गुन्हा लहान की मोठा हे पकडलेल्या मालाच्या वजनावर ठरते, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२०मध्ये स्पष्ट केले आहे की मिश्रण असेल तर त्यातला नुसता अमली अंश मोजायचा नाही, सगळ्या मिश्रणाचे वजन धरायचे. पाणी आणि साखरेसकट.