फार्महाऊसमधला मक्ता

पनवेलहून नेऱ्याला आणि पुढे मालडुंगे-धोदाणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर ‘फार्महाऊस’ हा शब्द आता मराठीच झाला आहे. त्यावरचा नेहमीचा टोमणा असा, की आवारात हिरवळ आहे, पोहायचा तलाव आहे, पण भाताची एक लोंबी नाही. मग हे कसलं फार्म? शब्दाचा जन्म पाहिला तर हा टोमणा टिकत नाही. इंग्रजीतलं फार्म आलं फ्रेंच ‘फर्म’वरून, आणि त्या फर्मचा नांगराशी काही संबंध नव्हता. मध्ययुगीन लॅटिनमधलं ‘फिर्मा’ म्हणजे पक्की ठरलेली रक्कम. जमीन घेणाऱ्याने वर्षाकाठी भरायचा खंड, ते फार्म. मग खंडाने दिलेली जमीनच फार्म झाली, आणि बऱ्याच काळाने कसायची कुठलीही जमीन.

जुना अर्थ मात्र सरकारी कारभारात टिकून राहिला. फ्रान्समध्ये राजाचे कर वसूल करण्याचा मक्ता घेणारी मंडळी ‘फर्म जेनेराल’ म्हणून ओळखली जाई. रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए तिच्यात भागीदार होता. ८ मे १७९४ रोजी त्याची मान गिलोटिनखाली गेली ती रसायनांपायी नव्हे, या मक्त्यापायी. आपल्याकडे दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मामलती बोली लावून दिल्या गेल्या, त्यालाही इंग्रजांनी फार्मिंगच म्हटलं. कोकणातला खोत त्यांच्या लेखी ‘रेव्हेन्यू फार्मर’. म्हणजे नांगर कुळाच्या हातात आणि फार्मर खोत! ही खोती मोडण्याचं विधेयक डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये मांडलं; कायदा व्हायला १९४९ उजाडलं.

कुणी म्हणेल, व्युत्पत्ती काहीही असो, अर्थ आजच्या वापरावरून ठरतो. मान्य. पण मग तक्रार शब्दाकडे नको, कायद्याकडे न्यावी. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतली शेतावरची इमारत म्हणजे अवजारं, खत, चारा, पीक ठेवायची, गुरं बांधायची, जमीनधारकाच्या कुटुंबाने किंवा गडीमाणसांनी राहायची जागा. या यादीत हिरवळ कुठे बसते, हे विचारणं रास्तच आहे. शब्दाला मात्र त्यात गोवू नये. शनिवार-रविवारचा दर आधी ठरवून, रक्कम आगाऊ घेऊन जो बंगला पाहुण्यांना दिला जातो, तो शेजारच्या भातखाचरापेक्षा ‘फिर्मा’च्या जास्त जवळचा आहे.