नव्या खोतांचा खंड

२०२५ च्या जुलै महिन्यात एक घटना घडली आणि वृत्तपत्रांच्या व्यापारी पानांवर चार दिवस गाजून विस्मृतीत गेली. गुजरातमधील वाडीनार येथे प्रचंड तेलशुद्धीकरण कारखाना चालविणाऱ्या नायरा एनर्जी या कंपनीची ई-मेल आदी संगणकसेवा मायक्रोसॉफ्टने अकस्मात बंद केली. सेवेचे शुल्क भरलेले होते. सेवा थांबवा, अशी आज्ञा भारतातील कोणत्याही न्यायालयाने वा शासनाने दिलेली नव्हती. युरोपीय संघाने १८ जुलै रोजी रशियाविरुद्ध जाहीर केलेल्या निर्बंधांत नायराचे नाव होते, कारण रॉसनेफ्ट या रशियन तेलकंपनीचा तिच्यात सुमारे ४९ टक्के वाटा आहे. एवढ्यावरून एका अमेरिकन कंपनीने भारतातील कारखान्याचा पत्रव्यवहार थांबविला. नायराने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली, आणि महिनाअखेरीस सेवा पूर्ववत सुरू झाली.

नायरा ही काही दीनदुबळी संस्था नव्हे. तिच्यासाठी अश्रू ढाळण्याचे समाजवाद्यांना कारण नाही. परंतु नामांकित वकील उभे करू शकणाऱ्या कंपनीची ही अवस्था होत असेल, तर उद्या एखाद्या जिल्हा परिषदेची, नागरी सहकारी बँकेची वा तालुक्याच्या महाविद्यालयाची काय होईल? या संस्थांचा सारा व्यवहार आज ज्या साधनांवर चालतो, त्यांची मालकी त्यांच्याकडे नाही. ती साधने भाड्याची आहेत. आणि भाडेकरूला संरक्षण देणारा कायदा या क्षेत्रात जवळजवळ नाही. हा प्रश्न तंत्रज्ञांवर सोपवून मोकळे होण्याजोगा नाही. तो मालकीचा, म्हणजे मूलतः राजकीय प्रश्न आहे.

विक्रीकडून भाड्याकडे

पूर्वी संगणकाचा एखादा कार्यक्रम एकदा पैसे मोजून घेतला की तो हवी तितकी वर्षे वापरता येई. नवी आवृत्ती पसंत नसेल तर जुनीवर काम भागविता येई. ही सोय कंपन्यांना खुपू लागली. अक्षरजुळणीचा वा चित्रांचा कार्यक्रम यंत्राप्रमाणे झिजत नाही. ज्याने तो घेतला त्याला पुन्हा दुकानात येण्याचे कारण उरत नाही. बाजार भरत आला की विक्री मंदावते. भागबाजाराला मात्र दर तिमाहीला वाढता नफा हवा असतो. या पेचातून काढलेला मार्ग म्हणजे वर्गणी. मायक्रोसॉफ्टने २०११ मध्ये ‘ऑफिस ३६५’ ही वर्गणीची योजना आणली आणि एकरकमी मिळणारी आवृत्ती शिल्लक ठेवूनही सारा भर वर्गणीवर दिला. मुद्रण व चित्रसंपादनाच्या क्षेत्रात जगभर पाय रोवून बसलेल्या अ‍ॅडोबीने २०१३ च्या मे महिन्यात याहून पुढचे पाऊल टाकले. आपल्या प्रमुख कार्यक्रमांच्या नव्या आवृत्त्या यापुढे विकणार नाही, त्या केवळ वर्गणीवरच मिळतील, असे तिने जाहीर केले. वर्गणी थांबली की कार्यक्रमही थांबतो.

हे लोण कार्यक्रमांपुरते राहिले नाही. मुद्रणयंत्रे बनविणाऱ्या एच.पी. कंपनीच्या प्रमुखांनी २०२४ च्या जानेवारीत उघडपणे सांगितले की, छपाई हीच वर्गणीची सेवा बनविणे हे कंपनीचे दीर्घकालीन उद्दिष्ट आहे. बी.एम.डब्ल्यू.ने २०२२ मध्ये काही देशांत मोटारीतील आसन तापविण्याच्या सोयीवर मासिक आकारणी लावून पाहिली. आसनातील यंत्रणा मोटारीबरोबरच आलेली असे. ती चालू करण्याची परवानगी तेवढी विकली जात होती. ग्राहकांच्या संतापामुळे २०२३ मध्ये ही कल्पना कंपनीला सोडून द्यावी लागली, ही गोष्ट आपण लक्षात ठेवली पाहिजे. संघटित नाराजीपुढे या कंपन्याही नमतात.

‘विकत घेतले’ या शब्दप्रयोगाचाच अर्थ किती पोकळ झाला आहे, हे २००९ मध्ये दिसून आले. अ‍ॅमेझॉनने विकलेल्या एका आवृत्तीचे हक्क प्रकाशकाकडे नव्हते, असे आढळताच कंपनीने ग्राहकांच्या किंडल यंत्रांतून ती पुस्तके परस्पर पुसून टाकली. पैसे परत केले, पण पुस्तके घरातून नेली. ती पुस्तके जॉर्ज ऑर्वेलची ‘१९८४’ आणि ‘अ‍ॅनिमल फार्म’ ही होती. यावर भाष्याची आवश्यकता नाही. कॅलिफोर्निया राज्याला अखेर कायदा करावा लागला. अशा वस्तू ‘विकत घ्या’ म्हणून खपविताना ग्राहकाला केवळ परवाना मिळतो, मालकी नव्हे, हे स्पष्ट सांगण्याचे बंधन तेथे २०२५ च्या प्रारंभापासून आले आहे.

दार आतून बंद कसे होते

भाडे महाग वाटले तर सोडून द्यावे, असा साळसूद सल्ला बाजारवादी देतात. परंतु या व्यवसायाचे सारे कौशल्य ग्राहकाला बाहेर पडता येऊ नये यातच आहे. पहिली कडी धारिकेच्या स्वरूपाची. कार्यालयाचे दहा वर्षांचे दप्तर ज्या स्वरूपात साठविलेले असते, ते त्याच कंपनीच्या कार्यक्रमात नीट उघडते. दुसरी कडी कर्मचाऱ्यांच्या सवयीची व प्रशिक्षणाची. तिसरी कडी माहितीच्या स्थलांतराची. दूरच्या केंद्रांत साठलेली माहिती बाहेर काढावयाची तर त्याचेही शुल्क. चौथी कडी कराराची. अमेरिकन शासनाने २०२४ च्या जूनमध्ये अ‍ॅडोबीविरुद्ध दावा लावला, त्यातील आरोप असा की, वार्षिक करार मधेच सोडणाऱ्यास भरावा लागणारा दंड ग्राहकांपासून झाकून ठेवला जातो आणि वर्गणी रद्द करण्याची वाट मुद्दाम बिकट केली जाते.

मराठी वाचकाला यातील पहिली कडी परिचित आहे. फक्त तिचे नाव त्याला ठाऊक नसेल. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी अक्षरजुळणीच्या प्रत्येक खासगी प्रणालीची सांकेतिक योजना निराळी होती. त्या काळात जुळविलेली असंख्य मराठी पुस्तके आणि नियतकालिके आज त्या त्या अक्षरसंचाविना उघडली, तर पडद्यावर निरर्थक चिन्हांची रांग उमटते. लेखन मराठी, लेखक मराठी, कागदही आपला. पण वाचण्याची किल्ली दुसऱ्याच्या कमरेला. सांकेतिक योजना सार्वजनिक झाली तेव्हाच मराठी मजकूर एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर मुक्तपणे जाऊ लागला.

कोकणातील खोतीचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही व्यवस्था नवी वाटणार नाही. जमीन कसावी कुळाने, बांधबंदिस्ती करावी कुळाने, आणि पिकाचा वाटा उचलावा खोताने. खंड किती हे खोत ठरवी, आणि कुळाने घातलेल्या श्रमांमुळेच जमीन सोडणे कुळाला अशक्य होई. आजच्या भाडेकरूचेही तेच आहे. त्या साधनावर वर्षानुवर्षे साठविलेले काम त्याचे स्वतःचे असते. तेच त्याला जखडून ठेवते. १९३३ पासून सुमारे सहा वर्षे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली चरीच्या शेतकऱ्यांनी संप केला. डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. पुढे १९४८ चा कूळकायदा आला, आणि १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी कसणाऱ्या कुळाला मालक मानण्याचे तत्त्व अमलात आले. या कायद्याच्या अंमलबजावणीत पळवाटा पुष्कळ राहिल्या, हे खरे. परंतु दीर्घकाळ खंड भरणाऱ्याचा त्या साधनावर काही हक्क निर्माण होतो, हे तत्त्व महाराष्ट्राने कायद्याच्या पुस्तकात लिहिले.

१९७८ चा धडा

संगणकाच्या क्षेत्रातही भाडेशाही आजची नव्हे. आय.बी.एम. ही कंपनी प्रथमपासून यंत्रे विकण्याऐवजी भाड्याने देई आणि त्यांत आपलीच छिद्रपत्रे वापरण्याची सक्ती करी. ही सक्ती अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९३६ मध्ये बेकायदा ठरविली. १९५६ च्या न्यायालयीन तडजोडीने यंत्रे विकण्याचे बंधनही तिच्यावर घातले. भारतात मात्र अमेरिकेत मागे पडलेली यंत्रे डागडुजी करून आणावयाची आणि भरमसाट भाड्याने द्यावयाची, हा तिचा क्रम चालू राहिला. संसदेच्या लोकलेखा समितीने १९७५-७६ मध्ये त्यावर टीका केली. जनता सरकारच्या काळात मुंबईच्या कामगार चळवळीतून आलेले जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री असताना विदेशी भागभांडवल ४० टक्क्यांवर आणण्याची अट या कंपनीलाही लागू झाली. ती तिने नाकारली आणि १९७८ मध्ये येथील गाशा गुंडाळला.

या निर्णयाची आजही थट्टा होते. थट्टा करणारे एक गोष्ट सांगत नाहीत. आय.बी.एम. गेली म्हणून देशातील संगणक बंद पडले नाहीत. सार्वजनिक क्षेत्रातील कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशनने, म्हणजे सी.एम.सी.ने, देशभर विखुरलेल्या त्या यंत्रांची देखभाल हाती घेतली आणि कामे चालू राहिली. हे शक्य झाले ते दोन कारणांनी. यंत्रे आपल्या इमारतीत होती, आणि ती उघडून दुरुस्त करू शकणारे अभियंते सार्वजनिक सेवेत होते. आज दोन्ही गोष्टी उरलेल्या नाहीत. यंत्रणा परदेशी कंपनीच्या ताब्यातील केंद्रांत आहे, आणि सी.एम.सी.ची मालकी २००१ मध्ये निर्गुंतवणुकीच्या नावाखाली टाटांकडे गेली. मक्तेदाराला ‘चालते व्हा’ म्हणण्याचे धैर्य मंत्र्याच्या स्वभावातून येत नाही. तो गेल्यावर काम चालविण्याची शक्ती आपल्याजवळ असेल तरच ते येते.

खोत गावचा असला तरी

वर्गणीच्या बाजूने जे म्हटले जाते, त्यात तथ्य नाही असे नाही. प्रारंभी मोठी रक्कम गुंतवावी लागत नाही; सुरक्षेच्या सुधारणा आपोआप मिळतात; लहान उद्योजकाला मोठ्यांची साधने परवडतात. भाडे हे स्वतः पाप नव्हे. कूळकायद्यानेही खंड सरसकट निषिद्ध केला नव्हता. त्याला मर्यादा घातली आणि कुळाला मनमानीने हुसकावण्यास बंदी केली. आपला आक्षेप कायद्याविना चालणाऱ्या भाडेशाहीला आहे.

दुसरे उत्तर ‘स्वदेशी’चे दिले जाते. केंद्र सरकारच्या सुमारे बारा लाख कर्मचाऱ्यांची ई-मेल सेवा झोहो या भारतीय खासगी कंपनीच्या यंत्रणेवर नेण्यात आली आहे. परकीय निर्बंधांचा धोका त्यामुळे काही अंशी कमी होईल, हे मान्य करावयास हरकत नाही. पण खोत आपल्याच गावचा असला म्हणून खोती सुसह्य होत नाही. बाहेर पडण्याचा हक्क आणि माहितीवरील ताबा हे प्रश्न मालकाचे राष्ट्रीयत्व बदलल्याने सुटत नाहीत.

मग आपली मागणी काय असावी? पहिली मागणी बाहेर पडण्याच्या हक्काची: ग्राहकाची सर्व माहिती खुल्या स्वरूपात व विनाशुल्क परत मिळाली पाहिजे. हे स्वप्नरंजन नव्हे. युरोपीय संघाचा माहितीविषयक कायदा १२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला असून, एका सेवेकडून दुसरीकडे जाण्याचे शुल्क १२ जानेवारी २०२७ पासून बंद करण्याची तरतूद त्यात आहे. दुसरी मागणी कूळकायद्याच्या तत्त्वाची: ठराविक वर्षे वर्गणी भरणाऱ्यास त्या वेळची आवृत्ती कायम वापरण्याचा हक्क मिळावा. तिसरी, सूचना व सुनावणीवाचून सार्वजनिक संस्थेची सेवा तोडण्यास बंदी असावी. आपल्या देशात काहीच घडलेले नाही असे नव्हे. वर्गणी खात्यातून वळती होण्यापूर्वी २४ तास सूचना देण्याचा रिझर्व्ह बँकेचा दंडक ऑक्टोबर २०२१ पासून अमलात आला. २०२३ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांत ‘वर्गणीचा सापळा’ हा फसवणुकीचा प्रकार म्हणून नोंदविला गेला. परंतु ही संरक्षणे पैसे कापण्यापुरती आहेत. साधनांच्या मालकीला ती हात लावीत नाहीत.

त्या प्रश्नाला हात घालावयाचा तर सार्वजनिक पैसा सार्वजनिक साधनांवर खर्च झाला पाहिजे. केरळने आपल्या शाळांतून मुक्त आज्ञावली रुजविली आणि शिक्षकांनाच ती सांभाळण्याचे शिक्षण दिले. जर्मनीतील श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने २०२४ मध्ये सुमारे ३० हजार शासकीय संगणक मायक्रोसॉफ्टच्या कार्यक्रमांवरून मुक्त कार्यक्रमांवर नेण्याचा निर्णय घेतला. भारत सरकारनेही २०१५ मध्ये मुक्त आज्ञावलीला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. त्या धोरणाचे काय झाले, हे प्रत्येक जिल्हा परिषदेत, महापालिकेत आणि विद्यापीठाच्या अधिसभेत आपल्या प्रतिनिधींनी विचारले पाहिजे. दरवर्षी परवान्यांवर किती रक्कम जाते, करार संपल्यास माहिती कोणत्या स्वरूपात परत मिळेल, आणि सेवा थांबल्यास पर्याय काय, हे तीन प्रश्न माहितीच्या अधिकाराखाली कोणताही कार्यकर्ता विचारू शकतो.

कामगार संघटनांनी, सहकारी संस्थांनी आणि पक्षाच्या कार्यालयांनीही हे काम स्वतःपासून सुरू करावे. आपल्या सभासदांच्या याद्या व ठराव खुल्या स्वरूपात, आपल्या ताब्यात ठेवण्यास कोणत्याही कायद्याची वाट पाहावी लागत नाही. कूळकायदा विधिमंडळात संमत होण्याआधी चरीच्या शेतात लिहिला गेला होता.